कड आणि दोन स्क्रू

चौगुले अण्णांनी शर्टाच्या खिशातून व्हर्निअर काढला आणि माझ्या लॅपटॉपच्या मॉडेलची कड मोजायला घेतली, तेव्हाच मी ओळखलं की आज आमचं वाजणार.

"पाच," अण्णा म्हणाले.

"पाचच," मी म्हणाले. मिलिमीटरचा हिशेब चालला होता.

"आणि एचडीएमआयचं तोंड किती उंच असतंय?"

"साडेपाच. वर-खाली पत्रा धरला की कड आठवर जाते. म्हणूनच ते ठेवलेलं नाहीये."

"पेन ड्राइव्ह कुठं खुपसायचा?"

"डोंगल."

"प्रोजेक्टर?"

"डोंगल."

"नेटची वायर?"

"अण्णा, तेही डोंगलच."

"म्हणजे मशीन एक किलोचं आणि डोंगलची पिशवी दीड किलोची!" अण्णांनी व्हर्निअर मिटून खिशात टाकला. "सही न्हाई व्हायची, बाई."

टूलरूममधली दोन-चार माणसं मिलिंग मशीनच्या आडून खुसखुसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हे २०१७ सालचं. मी, मैथिली केंजळे, सव्वीस वर्षांची. डिझाइनचं शिक्षण संपवून भोसरीतल्या ह्या कंपनीत लागले त्याला तीन वर्षं झाली होती आणि त्या तीन वर्षांत मी केलं काय, तर दोन सेट टॉप बॉक्स, एक राउटर आणि एका इन्व्हर्टरचं झाकण. मग मालकांनी, म्हणजे पालेकर साहेबांनी, लॅपटॉप काढायचं ठरवलं. स्वस्तातला नव्हे. उंची, बारीक, घेणाऱ्यानं चार जणांना दाखवत फिरावं असा. नाव आधीच ठरलं होतं, 'पाती'. डिझाइनं दोन आली होती. एक माझं, दुसरं मुंबईच्या एका नावाजलेल्या स्टुडिओचं. त्यांचं जाड होतं, पण त्यात झाडून सगळी पोर्ट होती. माझ्यात डावीकडे दोन टाइप-सी, उजवीकडे हेडफोनचं भोक, संपलं. शुक्रवारी चार वाजता साहेब दोन्हींतलं एक निवडणार होते. आणि हा बुधवार होता.

सहीची भानगड अशी, की लॅपटॉपचं खालचं झाकण मॅग्नेशियमचं, साच्यात ओतून काढायचं होतं. त्या साच्याला सगळे डाय म्हणतात. आणि आमच्या कंपनीत टूलरूमच्या मुख्याची सही असल्याशिवाय कुठल्याच ड्रॉइंगवरून डाय कापली जात नसे. साहेबांनी स्वतःच घातलेला नियम होता तो. मुख्य म्हणजे महादेव चौगुले. वय एकोणसाठ, राहणार मूळ कोल्हापूर. उद्यमनगरात पंपांच्या, स्कूटरच्या, मिक्सरच्या डाय करत करत हा माणूस पुण्याला आला आणि इथलं टूलरूम त्यानं उभं केलं. स्टुडिओच्या ड्रॉइंगवर त्यांची सही सोमवारीच झाली होती. माझ्या ड्रॉइंगवर झाली नाही तर ते साहेबांच्या टेबलापर्यंत जाणारच नव्हतं.

"अण्णा, तुम्हांला ह्यात सौंदर्य दिसतच नाही का?" मी चिडून विचारलं.

"दिसतंय की. म्हणून तर सही नुसती अडवलीय, कागद फाडला न्हाई." त्यांनी मॉडेल उचलून उजेडाकडे धरलं. चारी बाजूंनी कड पाचची, मध्ये पोटाशी जरा भरीव, आणि बुडाला एकही स्क्रू नाही. सगळं गोंदानं आणि आतल्या खटक्यांनी धरलेलं. पालथं घातलं तरी उलटं कुठलं आणि सुलटं कुठलं असा प्रश्न पडावा, इतकं स्वच्छ. त्या बुडासाठी मी बॅटरीवाल्यांशी भांडले होते, पंखेवाल्यांशी भांडले होते, एकदा तर घरमालकिणीशी भांडले होते, तिचा काहीही संबंध नसताना.

"मग हरकत कशाला?"

"उद्या दहाला कॅन्टीनात या," अण्णा म्हणाले. "चहाच्या टायमाला. मग सांगतो."

*

दुसऱ्या दिवशी दहाला मी, त्या आठवड्यात पहिल्यांदाच, कॅन्टीनमध्ये गेले आणि दारातच थबकले. चहाच्या कट्ट्यावर, हौसामावशींच्या थर्मासच्या शेजारी, माझ्या पातीचा चालू नमुना ठेवला होता. चार्जरची वायर शेजारी लोंबत होती. आणि भिंतीवर अण्णांच्या अक्षरात पाटी होती: 'एक कप चहा, एकदा वायर घालणे, एकदा काढणे. हुकुमावरून.'

"हे कधीपासून चाललंय?"

"सोमवारपास्नं," हौसामावशी म्हणाल्या. "घातल्याबिगर कुणाला चहा द्यायचा न्हाई म्हणालेत अण्णा. मी काय, नाही म्हणते व्हय?"

अण्णा कोपऱ्यातल्या बाकावर बशीतून चहा पीत बसले होते. मी तरातरा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"अण्णा, लॅबमधल्या यंत्रानं हे पोर्ट दहा हजार वेळा घालून-काढून झालंय. रिपोर्ट आहे माझ्याकडे. काही झालेलं नाही त्याला."

"मला माहीत हाय. यंत्र सरळ घालतंय ओ," अण्णा म्हणाले. "बसा. माणसं बघा."

बसले. दुसरं करणार काय? आणि माणसं बघितली. आमच्या कंपनीत तेव्हा साडेतीनशे माणसं होती, दिवसाला दोनदा चहा. एका हातात कप घेऊन दुसऱ्या हातानं वायर खुपसणारे. न बघता खुपसणारे. आधी वर, मग खाली, मग बाजूला चाचपून मग आत घालणारे. पिनेला धरून काढायची सोडून वायरीला धरून हिसका देणारे; हे तर निम्म्याहून जास्त. पॅकिंगमधला एक जण वायर काढताना ती तिरकी वर उचलायचा, का कोण जाणे, दर वेळी तसंच. हौसामावशी तेवढ्या स्वतःची पाळी आली की पदराला हात पुसून, दोन बोटांत पिन धरून, सुईत दोरा ओवावा तशी ती आत घालायच्या.

सव्वादहाला स्टोअरचे बिडकर आले. फोन कानाला, बोलणं जोरात. वायर घातली, चहा घेतला, वायर काढायची विसरले आणि वळले. वायर त्यांच्या कोपरात अडकली. मशीन कट्ट्यावरून हातभर सरकलं. खाली पडलं नाही, मावशींनी झडप घालून धरलं. पण वायर निघाली ती आतलं काहीतरी मोडूनच. पोर्ट हलायला लागलं. पिन आत घातली की लुळी पडायची, आणि चार्जिंगचा दिवा काही केल्या लागेना.

"आयला!" बिडकर म्हणाले. "गेलं का हे?"

माझा संताप अनावर झाला. तोंडाला येईल ते बोलले मी. ही काय परीक्षा झाली? असं कोण वापरतं? रानटी माणसांसाठी लॅपटॉप करतोय का आपण? बिडकरांना बोलले, पॅकिंगवाल्याला बोलले. आणि बोलता बोलता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते काही थांबेना. शुक्रवारला एक दिवस उरला होता आणि माझं पहिलं मशीन माझ्यासमोर मोडून पडलं होतं, साक्षीला सगळं कॅन्टीन.

हौसामावशींनी मशीन पुसून पुढ्यात ठेवलं. "बाय, एवढी बारकी चोच मोडली, तर आता हे सगळं टाकून द्यायचं काय?" त्यांनी विचारलं. खोचून नव्हे, खरंच विचारलं.

पोर्ट मदरबोर्डवरच जोडलेलं होतं. ते मोडलं तर मदरबोर्ड बदलायचा, म्हणजे किमतीनं निम्मं मशीन. आणि मदरबोर्डपर्यंत जायचं तर गोंदानं चिकटवलेलं झाकण उचकटायचं. ते एकदा उचकटलं की वाकणार, परत बसणार नाही. मावशींच्या प्रश्नाचं खरं उत्तर 'हो' असं होतं.

"चला टूलरूमला," अण्णा म्हणाले.

*

टूलरूममध्ये अण्णांचं टेबल म्हणजे एक जुना लाकडी पाट आणि त्यावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला ॲल्युमिनियमचा तुकडा. मी नाक पुसत बसले होते, हाताला चाळा म्हणून तो तुकडा उचलला. कुठल्याशा स्कूटरच्या क्लचचं झाकण होतं. आतल्या बाजूला बारीक उठावाची अक्षरं होती: म. चौ.

"हे काय?"

"ती आमची उद्यमनगरची पद्धत. बाहेर कंपनीचं नाव, आत डाय करणाऱ्याचं. मालकाला पत्ता नसतोय. उघडंल त्यालाच दिसतंय." मग त्यांनी ड्रॉवर ओढला. "आता रडून झालं असंल तर जरा सौदा करूया."

"काय सौदा?"

"एचडीएमआय सोडलं. पेन ड्राइव्हचं तोंड, तेही सोडलं. कड तुमची, पाचची. मला त्यात काहीएक बोलायचं न्हाई."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. कालपासून ज्याच्यासाठी हा माणूस अडून बसला होता ते त्यानं एका दमात सोडून दिलं होतं.

"असं कसं? काल तर तुम्ही..."

"काल मला बघायचं होतं, तुम्ही कडंसाठी किती भांडताय. भांडलासा. झालं." अण्णा हसले. "हे बघा बाई, तोंडं काय, बदलतात. फ्लॉपीचं होतं, गेलं. सीडीचं होतं, मी त्याच्या सरकत्या ताटाची डाय मारलीया, चांगली सहा महिने खपून. गेलं. फोनची वायर लागायची ते चौकोनी भोक, गेलं. आज एचडीएमआयसाठी रडायचं आणि उद्या तेही जायचं. पण मोडायचं काय जात न्हाई. बिडकर काय जात न्हाईत."

मला हसू आलं. रडताना आलेलं हसू, त्यामुळे जरा विचित्रच आवाज निघाला.

"मग तुम्हांला काय हवंय?"

"तीन गोष्टी. दोन्ही तोंडं एकाच बाजूला नकोत, एक डावीकडं, एक उजवीकडं. एक मोडलं तर निदान दुसरं चालंल. दुसरं, तोंड मदरबोर्डावर न्हाई बसवायचं. प्रत्येकाला वेगळा बारका बोर्ड, बोटाच्या पेरावढा. मोडलं की तेवढाच बदलायचा."

"त्याला जागा लागेल. बॅटरी कापावी लागेल."

"लागंल. अर्धा तास बॅटरी कमी चालंल. मी विचारलंय बॅटरीवाल्यांना."

"आणि तिसरं?"

"बुडाला दोन स्क्रू. दिसणारे."

माझा चेहरा पडला असणार. "अण्णा, बुड नाही. बुडाला हात लावू नका. कड सोडून त्या मशीनमध्ये माझं काही असेल तर ते बुड आहे."

"आणि गोंद?"

"गोंद काढा हवा तर. पण स्क्रू म्हटले की दहा लागणार. दहा भोकं पाडणार तुम्ही त्याला?"

"मी दहा म्हटलं? दोन म्हटलं." त्यांनी ड्रॉवरमधून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

ते माझ्याच पातीचं खालचं झाकण होतं. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून मिलिंगवर कापून काढलेलं, कडा हातानं घासलेल्या. पुढच्या बाजूला आत हुकासारखे सात बारीक आकडे होते, ते मशीनच्या अंगातल्या खाचांत सरकत जाऊन बसायचे. मागे, बिजागरीपाशी, दोन स्क्रू. बस्स. मी ते शेजारच्या, खाचा पाडलेल्या सांगाड्यावर बसवलं. अंगठ्यानं ढकललं, तर आतून एकच बारीक आवाज आला आणि झाकण असं बसलं की सांधा नखाला लागेना. कड पाचची पाचच होती.

"हे कधी केलंत?"

"तुमचं ड्रॉइंग पहिल्यांदा आलं तेव्हा. झाले की तीन आठवडे. दुपारच्या सुट्टीत बसायचो." अण्णांनी झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. "चाळीस वर्षं डाय मारतोय, बाई. 'स्वस्त करा' म्हणून आले, 'लवकर करा' म्हणून आले. असली कड मला कुणी मागितली नव्हती. नाद खुळा काम हाय हे. मोडू द्यायचं न्हाई मला हे."

तीन आठवडे हा माणूस माझ्या कडेसाठी जेवणाची सुट्टी घालवत होता आणि मी त्याला सौंदर्य शिकवायला निघाले होते. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन ते झाकण काढलं, बसवलं, परत काढलं. पाच-सहा वेळा तरी तसं केलं असेल. मग ड्रॉइंग पसरलं आणि आम्ही दोघं संध्याकाळी सहापर्यंत त्यावर वाकून होतो. सव्वासहाला अण्णांनी हिरव्या शाईनं सही केली.

*

शुक्रवारी चार वाजता साहेबांच्या खोलीत टेबलावर दोन मॉडेलं होती. स्टुडिओकडून कुणी आलं नव्हतं, त्यांची नुसती फाइल होती. माझ्याकडून मी आणि अण्णा. अण्णा खुर्ची मागे ओढून भिंतीशी बसले, चहा घेऊन.

पालेकर साहेब कमी बोलणारे. त्यांनी माझं मॉडेल उचललं, कड डोळ्यांच्या रेषेत धरली, आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"पाच?"

"पाच, साहेब."

"सुंदर," ते म्हणाले. तीन वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मग त्यांनी मॉडेल उलटं केलं.

"हे काय? बुड तर साफ होतं ना तुझं?"

"दोन स्क्रू आहेत, साहेब."

"ते दिसतंय मला. काढ ते. दुकानात माणूस मशीन उलटं करून बघतो. एवढी देखणी वस्तू आणि तिला हे दोन मुरूम कशाला? पूर्वीसारखं साफ कर, मी आत्ता मंजूर करतो."

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. सही होऊन गेली होती, कागद माझ्या हातात होता. ह्या खोलीत साहेबांचा शब्द शेवटचा. मी नुसतं 'बरं' म्हटलं असतं तर माझी कड मिळत होती, माझं साफ बुड परत मिळत होतं, पहिलं मशीन माझ्या नावावर लागत होतं. आणि 'नाही' म्हटलं तर शेजारी स्टुडिओचं मॉडेल तयारच होतं. अण्णांनी एक शब्द काढला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी चहाचा घोट घेतला.

मी पर्समधून कालचा मोडका मदरबोर्ड काढून टेबलावर ठेवला.

"हे आपल्या कॅन्टीनमध्ये मोडलं, साहेब. चौथ्या दिवशी. मोडणारा माणूस वाईट नव्हता, फोनवर बोलत होता." मग स्क्रूड्रायव्हर काढून त्यांच्यापुढे धरला. "तुम्ही उघडून बघा."

"मी?"

"हो. तुम्हीच."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग स्क्रूड्रायव्हर घेतला. पहिला स्क्रू. दुसरा. झाकण अंगठ्यानं मागे सरकवलं आणि ते त्यांच्या हातात आलं. वीस सेकंदसुद्धा लागली नसतील. आत डाव्या अंगाला त्या पेराएवढ्या बोर्डाचा नमुना होता. त्यांनी तो नखानं उचलला, परत ठेवला. झाकण ढकललं. तो बारीक आवाज आला. साहेबांनी झाकण पुन्हा काढलं आणि पुन्हा बसवलं. माझं जे काल झालं होतं तेच.

"पण दिसायला..." ते म्हणाले.

"स्क्रू माझे आहेत, साहेब," मी म्हणाले. आवाज चढला होता, मला तो आवरेना. "कड माझी आणि स्क्रूही माझे. दोन्ही एकत्र घ्या. स्क्रू जाणार असतील तर हे ड्रॉइंग मी परत घेऊन जाते, तुम्ही त्यांचं करा."

मी टेबलाची कड धरून ठेवली.

"अण्णा, तुमचं काय म्हणणं?" साहेबांनी विचारलं.

"मी काय बोलू? मशीन बाईंचं हाय," अण्णा म्हणाले.

साहेबांनी आणखी एकदा मॉडेल उलटं करून बघितलं. "निदान स्क्रू तरी बरे दिसणारे घाला," ते म्हणाले आणि माझ्या ड्रॉइंगवर सही केली.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता अण्णा काहीतरी बोलतील. अण्णा म्हणाले, "चला, चहा घेऊया. आज वायर घालायला नको."

सहा महिन्यांनी पाती बाजारात आली. पहिला डबा अण्णांनी स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवला. "कधीतरी आपल्या हातानं उघडून बघा हे," ते म्हणाले.

"कशाला? आत काय आहे ते मला पाठ आहे, अण्णा."

"बरं," अण्णा म्हणाले आणि गेले. पुढच्या वर्षी ते निवृत्त होऊन कोल्हापूरला परतले. आणखी दोन वर्षांनी मी बंगळूरला दुसरी नोकरी धरली.

*

त्या पहिल्या डब्यातलं मशीन मी साताऱ्याला आईला दिलं. आई शिकवण्या घेते, प्रश्नपत्रिका त्यावरच करते. गेल्या दिवाळीला घरी गेले तर बघते काय, चार्जिंग होताना वायरीखाली वर्तमानपत्राची घडी खुपसलेली आणि वर इस्त्रीचं वजन. डावं पोर्ट मेलेलं, उजवं मरायला टेकलेलं.

"आई, आठ वर्षं झाली. नवीन घेऊन देते."

"काही नको. ह्याचं बाकी सगळं धडधाकट आहे. पोवई नाक्यावर मुजावर आहेत, त्यांना दाखव."

मुजावर पन्नाशीचे, पूर्वीचे रेडिओवाले. दुकानात दोन खुर्च्या, एक भिंग आणि भिंतीवर लटकवलेली मशीनांची कलेवरं. मी पाती काउंटरवर ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून नुसतं बघितलं.

"केंजळे आहे होय? बसा. पंधरा मिनिटांचं काम."

मी चमकले. "तुम्ही मला ओळखता?"

"तुम्हांला नाही हो. हे मशीन. ह्याला आम्ही सगळे रिपेअरवाले केंजळेच म्हणतो. कंपनी पाती म्हणायची, पण आमच्या ग्रुपवर विचारायचं झालं तर, केंजळेचा डावा बोर्ड आहे का कुणाकडे, असंच विचारतात. कराडला, सांगलीला, सगळीकडे." बोलता बोलता त्यांनी दोन स्क्रू काढले, अंगठ्यानं झाकण सरकवलं. तो बारीक आवाज मी आठ वर्षांनी ऐकला. "बारीक मशीन आलं की आमच्या पोटात गोळा येतो, ताई. गोंद, उचकटा, वाकतं, मग गिऱ्हाईकाच्या शिव्या. हे एकच असं आहे, की हातात आलं की बरं वाटतं. करणारा माणूस आमचा विचार करून बसला होता बघा."

"पण केंजळे का?"

त्यांनी झाकण उलटं करून माझ्यासमोर धरलं. आतल्या बाजूला, दोन स्क्रूंच्या भोकांच्या मध्ये, उठावाची बारीक अक्षरं होती. ठोकलेली नव्हेत, ओतलेली. म्हणजे ती डायमध्येच कोरलेली होती, म्हणजे जितक्या पाती निघाल्या तितक्यांच्या आत ती होती.

'कड आणि दोन स्क्रू : मैथिली केंजळे'.

मी ते तीनदा वाचलं. मग झाकण हातात घेऊन कोपऱ्यांत शोधलं, आकड्यांच्या मागे शोधलं, भिंग मागून घेतलं. म. चौ. कुठंही नव्हतं.

"दुसरं नाव नाहीये का ह्याच्यात?" मी विचारलं.

"नाही, एवढंच. मी पंधरा-वीस तरी उघडली असतील." मुजावरांनी पावती-पुस्तक ओढलं. "नाव सांगा, ताई."

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि उठून उभे राहिले. आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. मला तिची गरज होतीच.

तिथूनच मी कोल्हापूरला फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला गेला.

"अण्णा, मैथिली केंजळे बोलतीये."

"बोला बाई! कुठं आहात?"

"साताऱ्यात. अण्णा, स्क्रू तुमचे होते."

पलीकडे कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"माझे गुरुवारपतोर होते," अण्णा म्हणाले. "शुक्रवारी साहेबांसमोर कुणाचे होते?"

मुजावर पाठ करून उगीचच एक ड्रॉवर आवरत होते.

"मग? उघडलंसा व्हय शेवटी?" अण्णांनी विचारलं.

"मी नाही. इथल्या मुजावरांनी उघडलं."

"अगाई! मी काय सांगितलं होतं? आपल्या हातानं उघडा म्हटलं होतं. आठ वर्षं झाली की ओ, बाई. दोनच तर स्क्रू हायत."

मी फोन तसाच कानाशी धरून मुजावरांपुढे हात केला. त्यांनी स्क्रूड्रायव्हर दिला. मी झाकण बसवलं, अंगठ्यानं ढकललं, दोन्ही स्क्रू नीट आवळले. आणि मग उघडायला घेतलं.